गावातल्या वर्कशॉपसाठी मिलिंगचा स्पिंडल घरी कसा बनवावा

मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला की आमच्याकडे दारव्ह्याच्या बाजूला पेरणी यंत्रांची रांग लागते. बहुतेकांचं दुखणं एकच असतं: शाफ्टची चावी (चाक शाफ्टसोबत फिरवणारी लोखंडी पट्टी) उडाली, खाच फाकली. नवा शाफ्ट लेथवर अर्ध्या तासात टर्न होतो, पण त्यात आठ मिमीची चावीची खाच कशी पाडायची? आधी आम्ही ती छिन्नी आणि कानशीने पाडायचो, ती वाकडी व्हायची आणि चावी पुन्हा उडायची. नाहीतर शाफ्ट पिशवीत घालून एसटीने अमरावती गाठायची. त्यात दिवस जायचा, आणि तोवर वाफसाही जायचा. ज्याची पेरणी थांबली आहे तो माणूस दुकानाच्या पायरीवर बसून असतो, तेव्हा काम उद्यावर ढकलणं फार जड जातं.

त्या खाचेसाठीच मी मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारी मशीन, जुळवायला घेतली. टेबल, स्लाइड, खांब या गोष्टी भंगारात किंवा जुन्या मशीनवर मिळून जातात. अडतं ते स्पिंडलपाशी, म्हणजे कटर धरून फिरवणाऱ्या शाफ्टपाशी. आजवर मी तीन स्पिंडल बनवले. पहिला जळाला, दुसरा चालतो आहे, तिसरा शेजारच्या गावातल्या एका पोराने माझ्यासोबत बसून बनवला. ज्याच्याकडे एक साधी लेथ आहे आणि टर्निंग-बोअरिंग हातात बसलं आहे, त्याला हे काम जमतं. मिलिंगचा अनुभव नसला तरी चालेल.

सगळ्यात आधी एक सांगतो, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. तो मोटर शोधायला निघतो. एक एचपी घ्यावी की दोन, यात आठवडा घालवतो. मोटर नंतर केव्हाही बदलता येते. स्पिंडलचं सगळं बळ दोन बेअरिंगांच्या बैठकीत आणि मागच्या नटाच्या आवळण्यात असतं. वेळ, पैसा आणि धीर तिथे खर्च करा.

ड्रिल मशीनवर का नको

खाच ड्रिल मशीनवरच का पाडू नये, हे प्रत्येकजण विचारतो, म्हणून थोडक्यात सांगतो. ड्रिलवर जोर सरळ खाली पडतो, मिलिंगमध्ये तो आडवा येतो. ड्रिलचा चक टेपरवर (निमुळत्या टोकावर) नुसता दाबून बसवलेला असतो. आडवे हादरे बसले की तो टेपर सुटतो, आणि फिरता चक कटरसकट खाली पडतो. शिवाय तिथे बेअरिंग साधे बॉल असतात, त्यांच्यात मुळातच थोडा खेळ (ढिलेपणा) ठेवलेला असतो. भोक पाडताना तो जाणवत नाही. खाच पाडताना मात्र कटर त्या खेळात नाचतो आणि खाचेच्या भिंतीवर लाटा उठतात. ड्रिल मशीन ड्रिललाच ठेवा.

शाफ्ट: हा भाग विकत घ्या

स्पिंडलच्या तोंडाला कटर धरणारा टेपर असतो. तो शाफ्टशी एककेंद्री हवा, आणि जुन्या लेथवर तो तसा काढणं नवख्याचं काम नाही. सोपा मार्ग म्हणजे सरळ शँकचा (दांड्याचा) ईआर कोलेट चक विकत घेणं. कोलेट म्हणजे कटर आवळून धरणारी चिरलेली नळी. त्याची शँकच आपला शाफ्ट होते. शँक ग्राइंड केलेली असते आणि टेपर कारखान्यातूनच तिच्याशी जुळवलेला येतो.

मी ईआर २५ सुचवतो. शँक २५ मिमी जाडीची आणि १५० मिमी लांब पाहून घ्या. ईआर २५ मध्ये १ ते १६ मिमीपर्यंतचे कोलेट मिळतात, आपल्या कामाला ते पुरतात. २० मिमी शँकचा चक स्वस्त पडतो, पण घेऊ नका. शाफ्टचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे २० च्या जागी २५ घेतला तर शाफ्ट जवळपास अडीच पट ताठ होतो. चार पैसे वाचवून ती ताकद सोडू नये.

चक हातात आला की शँकचा व्यास मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. २५ मिमीच्या एच ६ नावाच्या प्रमाणित मापात तो २५.००० ते २४.९८७ च्या मध्ये असायला हवा. मग शेवटच्या टोकावर कानस मारून बघा. कानस घसरली तर शँक कडक आहे. अशी शँक साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला दाद देत नाही, कार्बाइडचा इन्सर्ट लावावा लागतो. त्याच्या जोरावर मागच्या टोकाचे २५ मिमी टर्न करून २२ मिमी करा, तिथे पुली बसेल. त्याला लागून १८ मिमी लांबीवर एम २५ बाय १.५ चा आटा पाडा. हा आटा मुद्दाम निवडला आहे, कारण केएम ५ नावाचा गोल लॉकनट याच आट्याचा असतो आणि बेअरिंगच्या दुकानात तो तयार मिळतो. असे दोन नट आणा.

आटा पाडताना शँक उघड्या जबड्यात धरू नका, जबड्याचे वण उठतात. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पातळ पट्टी मध्ये घाला आणि डायल (बारीक फरक दाखवणारं सुईचं मापक) लावून शँक सरळ फिरते आहे याची खात्री करा. मागचा आटा तिरका निघाला तर नट बेअरिंगला एकाच बाजूने दाबतो, आणि पुढची सगळी मेहनत तिरकी होते.

बेअरिंग: ट्रॅक्टरच्या हबात जे असतं तेच

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा हब उघडलेला पाहिला असेल. त्यात दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, दोन्हींची बारीक बाजू आत, एकमेकींकडे तोंड करून. बाहेरून नट आवळला की दोन्ही कोन (रोलरसकट आतल्या रिंगा) आत ओढले जातात आणि चाकाचा खेळ संपतो. आपला स्पिंडल नेमका तसाच आहे. फरक एवढाच की तिथे हब फिरतो आणि इथे शाफ्ट. म्हणून मी नवख्याला पहिला स्पिंडल टेपर रोलरवरच करायला सांगतो. हे बेअरिंग तालुक्याच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, आडवा आणि उभा दोन्ही जोर घेतं, आणि आवळणं हाताला कळतं.

नंबर आहे ३०२०५. आतला व्यास २५, बाहेरचा ५२, पूर्ण रुंदी १६.२५ मिमी. बाहेरची रिंग, म्हणजे कप, एकटा १३ मिमी रुंद असतो, म्हणजे कोन कपाच्या बाहेर सव्वातीन मिमी येतो. ही सव्वातीनची गोष्ट लक्षात ठेवा, झाकण बनवताना लागेल. नामांकित कंपनीचं, पॅकबंद, तेलाच्या कागदात गुंडाळलेलं बेअरिंगच घ्या. बाजारात नकली माल खूप आहे. खोक्यावरचं छापील नाव पुसट असेल, रिंगवरचे आकडे वाकडे असतील, किंवा भाव फारच कमी सांगितला, तर घेऊ नका.

पुढे जास्त फेऱ्यांचं काम करायचं असेल, ॲल्युमिनियम किंवा लाकूड कापायचं असेल, तर ७२०५ नंबरची अँग्युलर कॉन्टॅक्ट जोडी बसवता येते. तिचंही माप २५ आणि ५२ च आहे, रुंदी १५. तिला स्पेसर आणि झाकणं वेगळ्या मापाची लागतात. लोखंडात खाच पाडायला तिची गरज नाही. ६२०५ हा साधा बॉल मात्र मापाने बसतो म्हणून वापरू नका.

हाउसिंग

हाउसिंग म्हणजे दोन्ही बेअरिंग ज्यात बसतात ते नळकांडं. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचं आहे.

नवीन माणूस हाउसिंगमध्ये दोन्ही टोकांना दोन खोबण्या काढतो: एका बाजूने बोअर करतो, जॉब उलटा धरतो, दुसरी बाजू बोअर करतो. जॉब उलटला की दोन्ही बैठका एका रेषेत राहत नाहीत. चार जबड्यांच्या चकात कितीही डायल लावा, मिमीच्या दोन-तीन शंभरांशांची चूक राहतेच. मग बेअरिंग एकमेकांशी भांडतात आणि गरम होतात.

यावर उपाय असा. आरपार एकच बोअर काढा, ५२ मिमीचा, एकाच सेटिंगमध्ये. मध्ये खांदा ठेवूच नका. खांद्याच्या जागी एक सुटी नळी घाला: बाहेरून ५२ ला हलकी सरकती, आतून ४६, लांबी ६० मिमी. एक कप, मग नळी, मग दुसरा कप. कपांच्या जाड कडा नळीला टेकतात. दोन्ही बैठका एकाच टूलच्या एकाच चालीत निघाल्यामुळे त्या आपोआप एका रेषेत येतात. माझा दुसरा स्पिंडल चालला तो या एका बदलामुळे.

माल कोणता घ्यावा? ८० मिमीचा एमएसचा (साध्या माइल्ड स्टीलचा) गोल बार किंवा जाड भिंतीची सीमलेस पाइप. बिडाचा तुकडा मिळाला तर आणखी चांगलं, बीड कंप गिळतं. ॲल्युमिनियम कापायला सोपं म्हणून बरेच जण त्याकडे वळतात, पण आपल्याकडच्या उन्हाचा विचार करा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळचं आणि भर दुपारी चाललेल्या स्पिंडलचं तापमान यात तीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ५२ मिमीचा ॲल्युमिनियमचा बोअर बेअरिंगपेक्षा सतरा मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) जास्त मोठा होतो. सकाळी घट्ट बसलेला कप दुपारी आत फिरू लागतो. लोखंडात हा त्रास नाही, दोन्ही बरोबरच फुगतात.

बोअर ५१.८ पर्यंत नेऊन थांबा. जॉब थंड होऊ द्या, चहा घेऊन या. कापताना जॉब हवेपेक्षा वीस अंश तापलेला असेल तर त्यावर घेतलेलं माप थंड झाल्यावर बारा मायक्रॉनने कमी भरतं, आणि आपल्याला तर एकूण जागाच तीस मायक्रॉनची आहे: ५२.००० ते ५२.०३०. उन्हाळ्यात मी शेवटचे दोन कट पहाटे सहाला घेतो. शेवटचा कट झाला की टूल न हलवता तोच कट दोनदा परत फिरवा, बार लवलेला असतो तो सरळ होताना राहिलेला माल काढतो.

बोअर गेज नसेल तर बेअरिंगचा कपच गेज म्हणून वापरा. तेलाचा हात लावून कप तोंडावर ठेवा. तळहाताच्या दाबाने सरकत आत गेला तर माप बरोबर आलं. आपोआप घसरत गेला तर सैल झालं. हातोडी घ्यावी लागली तर अजून एक बारीक कट बाकी आहे. दोन्ही टोकांना करून बघा. एका टोकाला जातो आणि दुसऱ्याला अडतो, म्हणजे लेथचा हेडस्टॉक सरळ नाही आणि बोअर निमुळता निघाला आहे. अशा वेळी आधी लेथ सरळ करा, मग पुढे जा.

हाउसिंगची लांबी कप, नळी आणि कप मिळून जेवढी होते, म्हणजे ८६ मिमी, त्यापेक्षा तीन शंभरांश कमी ठेवा. मग झाकणं आवळली की ती कपांना दाबतील, हाउसिंगच्या तोंडावर टेकून राहणार नाहीत. नळीची दोन्ही तोंडं समांतर हवीत. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून नळी आठच्या आकड्यासारखी घासा आणि मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. चारही मापं एका शंभरांशाच्या आत आली की पुरे.

झाकणं आणि बारीक रिंगा

दोन्ही झाकणं १० मिमी जाडीची. आतल्या बाजूने ४८ मिमी व्यासाची, ५ मिमी खोल खोबण काढा. बाहेर आलेला कोन आणि पिंजरा त्यात मोकळा फिरतो, आणि झाकणाची कड फक्त कपाला दाबते. ६६ मिमीच्या वर्तुळावर एम ५ चे चार बोल्ट.

कोलेट चकचा खांदा शँकपेक्षा बराच जाड असतो. तो सरळ बेअरिंगवर टेकवला तर पिंजऱ्याला घासतो. म्हणून मध्ये एक रिंग लागते: आतून २५, बाहेरून ३१, लांबी ८ मिमी. ती फक्त आतल्या कोनाला टेकते. अशीच एक रिंग मागच्या कोन आणि नटाच्या मध्ये. झाकणाचं भोक ३१.४ ठेवा, म्हणजे रिंगभोवती चहूकडून दोन दशांश मिमी मोकळं राहतं. आमच्याकडे कपाशीच्या दिवसांत हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, आणि ते ग्रीसमध्ये अडकले की कापसाची वात होते. झाकणात आतून एक घळ काढून त्यात तेलात भिजवलेली नमद्याची रिंग बसवा. दुकानाशेजारी जिनिंग असेल तर हे टाळू नका.

जुळणी

सगळे भाग रॉकेलने धुवा, वाळवा आणि स्वच्छ जुन्या धोतराच्या कापडावर मांडा. बेअरिंग मात्र शेवटपर्यंत कागदातच राहू द्या.

ग्रीस साधं लिथियमचं, दोन नंबरचं. हबात आपण ग्रीस ठासून भरतो, चाक हळू फिरतं म्हणून ते चालतं. इथे मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच भरायचं. माझा पहिला स्पिंडल मी हबासारखाच भरला होता आणि नटही हबासारखाच दाबून पिळला होता. मिनिटाला १४४० फेऱ्यांवर अर्ध्या तासात ग्रीस पातळ होऊन झाकणातून गळायला लागलं. उघडला तर रोलरच्या टोकांवर पिवळसर तपकिरी झाक आली होती. ती झाक म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. दोन्ही बेअरिंग फेकावी लागली.

पुढचा कोन शँकवर बसवताना घट्ट वाटला तर ठोकू नका. कोन ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत गरम तेलात ठेवा, तो पंधरा-अठरा मायक्रॉनने मोठा होतो आणि सहज उतरतो. उलट तो सैल असेल तर बेअरिंग चिकटवायचं रिटेनिंग लिक्विड मिळतं, त्याचा एक थेंब लावा. मागचा कोन मात्र हाताच्या जोराने सरकताच हवा, कारण नट त्यालाच सरकवणार आहे. त्याला काही लावू नका.

क्रम असा: शँकवर पुढची रिंग, पुढचं झाकण, पुढचा कोन. हाउसिंगमध्ये कप, नळी, कप. शँक हाउसिंगमध्ये सोडा, मागून दुसरा कोन, मागचं झाकण, मागची रिंग, पहिला नट. झाकणांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. झाकण आधी घालायचं विसरलात तर सगळं परत उघडावं लागतं, म्हणून टेबलावर मांडतानाच याच क्रमाने मांडा.

नट किती आवळायचा

हे वाचून पूर्ण कळणार नाही, हाताला कळेल. तरी मोजायची एक रीत सांगतो, ती मला फार उशिरा सापडली.

आमच्या गावात ट्रॅक्टरची चाकं बसवणारे एक काका आहेत. लहानपणी त्यांच्या हाताखाली पाने द्यायला असायचो. ते म्हणायचे, "पिळाच्या आंधी चाक फिरव बाबू. रोलर आपल्या जागेवर बसू दे, मंग पिळ. उभ्या चाकाचा नट पिळला तं थो खोटं सांगते." हे स्पिंडललाही शंभर टक्के लागू आहे. शाफ्ट एका हाताने फिरवत राहायचा आणि दुसऱ्या हाताने नट आवळायचा. शाफ्ट स्थिर ठेवून आवळला तर रोलर तिरके अडकतात. नट घट्ट लागतो, पण चार फेऱ्यांनंतर बेअरिंग ढिलं निघतं.

चाकात मात्र पुढे काका नट एक खाच मागे सोडायचे. सहा खाचांच्या नटात एक खाच म्हणजे साठ अंश. आपल्या दीड मिमीच्या आट्यात साठ अंशांनी पाव मिमीचा खेळ पडतो. चाकाला तो चालतो, स्पिंडलमध्ये पाव मिमी म्हणजे कटर गेला. इथे मागे सोडायचं नाही.

केएम ५ नटाचा बाहेरचा व्यास ३८ मिमी, म्हणजे घेर सुमारे ११९ मिमी. पूर्ण एका फेऱ्यात नट दीड मिमी पुढे जातो. हिशोब केला तर नटाची कड एक मिमी सरकली की कोन साडेबारा मायक्रॉन पुढे जातो. आता नटाच्या कडेवर आणि रिंगवर मार्करने एकच उभी रेघ ओढा, पुढचं सगळं या रेघेवर मोजायचं आहे.

डायल मॅग्नेटिक बेसवर लावून तिचं टोक चकच्या तोंडावर टेकवा. शाफ्ट दोन्ही हातांनी पुढे ओढा, मागे ढकला. सुई जेवढी हलते तेवढा खेळ. शाफ्ट फिरवत नट थोडा आवळा, परत ओढा-ढकला. सुई हलायची थांबली की शून्य आलं. त्या जागी नवी रेघ ओढा. आता तिथून नटाची कड फक्त अर्धा ते एक मिमी पुढे न्या. एवढाच प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला दाब. शाफ्ट हाताने फिरवला तर मधात फिरल्यासारखा एकसारखा जड लागायला हवा. मध्येच अडखळला, कुठे हलका कुठे जड लागला, तर कचरा गेला आहे किंवा नळीची तोंडं समांतर नाहीत. नट अजून पिळून ती अडखळ जात नाही. उघडून बघा.

मग दुसरा नट लावून पहिल्यावर लॉक करा. लॉक करताना पहिला नट हुक पान्याने धरून ठेवा, तो हमखास थोडा सरकतो. लॉक झाल्यावर रेघ परत बघा आणि डायल परत लावा. मला कधी तीनदा, कधी चारदा करावं लागतं.

मोटर

एक एचपीची तीन फेजची १४४० फेऱ्यांची मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरच्या फेऱ्या कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) घ्या. घरच्या २३० व्होल्टवरून चालवायचं तर व्हीएफडीमधून २३० व्होल्टचेच तीन फेज निघतात, म्हणून मोटर डेल्टात जोडावी लागते. प्लेटवर २३० डेल्टा आणि ४१५ स्टार असं लिहिलेलीच मोटर निवडा. नुसती ४१५ ची असेल तर जोर मिळणार नाही.

पुली मोटरवर लहान, स्पिंडलवर दुप्पट, ए सेक्शनचा एकच पट्टा. स्पिंडलच्या पुलीच्या बॉसला (मधल्या जाड गोल भागाला) चीर देऊन बोल्टने २२ मिमीवर आवळा, कडक शँकमध्ये खाच पाडत बसू नका. पन्नास हर्ट्झवर स्पिंडल सुमारे ७२० फेऱ्या घेईल आणि व्हीएफडीने तो कमी-जास्त करता येईल. किती फेऱ्या हव्यात ते काढायला सोपा हिशोब आहे: कापण्याचा वेग गुणिले ३१८, भागिले कटरचा व्यास. एमएसमध्ये एचएसएस कटरसाठी वेग मिनिटाला २५ मीटर धरा. १० मिमी कटरला साधारण ८००, ८ मिमीला १०००, १६ मिमीला ५०० फेऱ्या येतात.

अर्थिंगकडे लक्ष द्या. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात पाणी टाका. व्हीएफडी आणि मोटर दोन्हींची बॉडी अर्थला जोडलेली हवी.

चालवून बघणे

पहिल्यांदा कटर न लावता, कोलेटचा नटही काढून ठेवून चालवा. ५०० फेऱ्या वीस मिनिटं, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. मग ८००, मग १२००, प्रत्येक वेळी तसंच. हाउसिंगवर हात ठेवून अंदाज घ्यायची आपली सवय आहे, पण मे महिन्यात ती फसवते. शेडमध्येच ४४ अंश असतील तर ठीक चाललेला स्पिंडलही हाताला भाजतो. बंदुकीसारखा थर्मामीटर मिळतो, त्याने शेजारच्या लोखंडाचं आणि हाउसिंगचं तापमान घ्या. वीस मिनिटांच्या शेवटी फरक वीस अंशांच्या आत असेल तर ठीक. पस्तीस-चाळीस झाला तर बंद करा, थंड झाल्यावर नटाची कड अर्धा मिमी मागे घ्या आणि परत बघा.

मग रनआउट, म्हणजे फिरताना तोंड किती डगमगतं ते. डायलचं टोक चकच्या आतल्या टेपरवर टेकवून शाफ्ट हाताने फिरवा. सुई एका शंभरांशात राहिली तर तुमचं काम उत्तम झालं. कोलेटमध्ये १० मिमीची ग्राइंड केलेली डॉवेल पिन धरून तोंडापासून ३० मिमीवर बघा, दोन शंभरांशांपर्यंत चालेल. टेपर ठीक आणि पिन खराब असेल तर दोष कोलेटचा किंवा आत अडकलेल्या किसाचा, स्पिंडल उघडू नका. कोलेट आधी नटात खटकन बसवायचा, मग नट चकवर चढवायचा. कोलेट चकमध्ये टाकून वरून नट लावला तर तो कधीच मध्यात बसत नाही.

स्पिंडल खांबावर बसवला की चकला डायल बांधून ती टेबलावर गोल फिरवा. २०० मिमीच्या वर्तुळात दोन शंभरांशांत राहिली तर स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे. नसेल तर हाउसिंगच्या क्लॅम्पखाली पातळ पत्रा घालून आणा.

पहिली खाच

उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा आधी काढून खुंटीला टांगा. त्याचा पदर सुटून फिरत्या चकमध्ये गेला तर माणूस खेचला जातो, बटण दाबायला वेळ मिळत नाही. हातमोजेही नकोत. चष्मा लावा.

२५ मिमीचा शाफ्ट व्ही ब्लॉकवर पक्का आवळा. ८ मिमीचा दोन धारांचा स्लॉट ड्रिल (खाच पाडायचा कटर) कोलेटमध्ये जितका आत जाईल तितका आत धरा. कटर जितका बाहेर तितका तो लवतो, आणि लवणं लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढतं: ४० च्या जागी ६० मिमी बाहेर ठेवला तर तीन पटींहून जास्त. १००० फेऱ्या, एका वेळी अर्धा मिमी खोली, मिनिटाला ६० मिमीच्या आसपास हाताने सरकवा, ब्रशने तेल देत राहा. या शाफ्टला खाच चार मिमी खोल लागते, म्हणजे कटर आठ वेळा न्यावा लागतो. आवाज एकसारखा सरसर यायला हवा. किरकिर आली तर आधी खोली कमी करून बघा. तरी गेली नाही तर थांबून मागच्या नटाची रेघ पाहा.

नव्या बेअरिंगांचे रोलर सुरुवातीला थोडे बसतात. दहा तासांचं काम झालं की पट्टा उतरवा, डायल लावा, शाफ्ट ओढून-ढकलून खेळ परत मोजा. बहुतेक वेळा नटाची कड अर्धा मिमी पुढे घ्यावी लागते. तसं केलंत तर नवी रेघ ओढा, जुनी रॉकेलने पुसून टाका आणि तारीख झाकणावर मार्करने लिहून ठेवा.